नशा उतरली, तरी चाल परत येईल?

रात्री अपघात विभागात विशीतल्या तरुणाला घेऊन घरचे धावत येतात. मान एका बाजूला वळलेली, हातपाय सारखे वळवळताहेत, जबडा हलायचा थांबत नाही. कुणाला फिट वाटते, कुणाला बाहेरची बाधा. अशा वेळी डॉक्टर विचारतात, ‘कसली नशा केली होती का?’ बहुतेक घरांत उत्तर येते, ‘आमचा मुलगा तसला नाही.’

शरीराच्या हालचालींवर ताबा ठेवणारी मेंदूतली केंद्रे डोपामिन या रसायनावर चालतात. कोकेन, ॲम्फेटामिन यांसारखी उत्तेजक द्रव्ये नेमके हेच डोपामिन एकदम वाढवतात. त्यातून कंप, झटके, स्नायू पिळवटणे सुरू होऊ शकते. नशा थांबल्यावर हा त्रास बहुधा काही तासांत किंवा दिवसांत ओसरतो.

पण नेहमीच नाही. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेथ-ॲम्फेटामिन किंवा तत्सम द्रव्यांच्या व्यसनींमध्ये पुढे पार्किन्सन होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी जास्त आढळला. नशेमुळेच आजार झाला, हे यातून सिद्ध होत नाही; संबंध मात्र दिसतो.

लॅटव्हियातले उदाहरण अधिक स्पष्ट आहे. तिथे सर्दीच्या औषधापासून पोटॅशियम परमँगनेट वापरून घरीच मेथकॅथिनोन बनवत आणि शिरेतून टोचून घेत. त्यातले मँगनीज मेंदूत साचले. २००८ मध्ये अशा २३ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. सगळ्यांची चाल बिघडली होती, बहुतेकांचा आवाज खोल गेला होता. सगळ्यांनाच उलट पावली चालणे अवघड जात होते. नशा सोडल्यावर मँगनीज कमी झाले, पण चाल सुधारली नाही.

मुंबई-पुण्यात ‘एमडी’ म्हणून विकले जाणारे मेफेड्रोन रासायनिकदृष्ट्या याच कुळातले. ते मँगनीज वापरून बनते असे नाही. पण पुडीत नेमके काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही मान-जबडा वाकडा होतो आणि कोकेन घेणाऱ्यांत हा धोका वाढतो. त्यामुळे खरी माहिती मिळाली तरच औषध नीट निवडता येते. ताठरपणासोबत तीव्र ताप किंवा बेशुद्धी असेल तर तत्काळ रुग्णालय गाठा. व्यसन सोडण्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. लाजेपोटी घालवलेला वेळ मेंदू परत देईलच असे नाही.