काकूंची पाण्याची बाटली

‘‘काकू, या वेळी तुमचं नाव लिहू ना?’’ सहलीची वही घेऊन मी त्यांच्या दारात उभी होते.

‘‘नको गं बाई. तुम्ही जा मजेत. आल्यावर फोटो दाखवा, म्हणजे झालं,’’ काकू हसून म्हणाल्या आणि चहा टाकायला आत वळल्या.

सलग दुसऱ्या वर्षी हेच उत्तर. आणि ते देत कोण होतं? तर आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळाची एक दिवसाची बससहल जिनं मुळात सुरू केली, तीच बाई! एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटता वाटता काकूंनीच विषय काढला होता, ‘‘मुलांच्या शाळेची सहल जाते, नवऱ्यांच्या ऑफिसची जाते. आपण पुण्यात राहतो, इतिहासाच्या पुस्तकातली निम्मी गावं इथून दोन-तीन तासांवर आहेत. आपली सहल कधी जायची?’’ त्या वर्षी बत्तीस सीटची बस ठरली आणि मग दर हिवाळ्याला ठरतच गेली.

एका दिवसाची सहल म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे, असं घरातल्या पुरुषांना वाटतं. पहाटे सहाला निघायचं, रात्री नऊच्या आत परत. पण त्या पंधरा तासांसाठी आमच्यातली प्रत्येक जण आदल्या रात्री काय काय करून ठेवते, ते तिचं तिलाच माहीत. भाजी चिरून डब्यात, कणीक मळून फ्रीजमध्ये, सासऱ्यांच्या गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तीन वाट्यांत. एवढं करून बस हलली आणि गणपतीबाप्पा मोरया झालं, की मग जो जीव सैल होतो, त्यासाठीच तर ही सगळी यातायात! दिवसभर कुणी ‘आई, माझा टॉवेल कुठाय?’ म्हणून विचारणार नसतं.

काकू वयाची पासष्टी ओलांडेपर्यंत प्रत्येक सहलीला आल्या. मग सहलीची वही माझ्याकडे आली आणि माझ्या हातून एक घोटाळा झाला. तो घोटाळा होता, हेसुद्धा मला त्या दिवशीच्या चहापर्यंत कळलं नव्हतं.

झालं होतं असं. पहिल्याच वर्षी मला वाटलं, पैसे तेवढेच घ्यायचे आणि जास्तीत जास्त ठिकाणं दाखवायची. बसवाल्यानंही री ओढली. सासवड, नारायणपूर, केतकावळे, जेजुरी, मोरगाव आणि येता येता भुलेश्वर. एका दिवसात सहा! मी कागदावर वेळापत्रक काढून झेरॉक्स वाटल्या. प्रत्यक्षात काय, पळापळ. चप्पल काढा, दर्शन घ्या, चप्पल घाला, बसमध्ये बसा. ‘‘बायांनो, उशीर होतोय,’’ हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. मोरगाव सोडल्यावर मागून कुणीतरी ‘‘जरा थांबता येईल का?’’ विचारलं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ‘‘आता पुढच्या ठिकाणीच.’’ मीही मान डोलावली. भुलेश्वरला पोचेपर्यंत अंधार पडत आला होता. त्या देवळातलं दगडी कोरीवकाम पाहायला लोक मुद्दाम लांबून येतात. आम्ही ते मोबाइलच्या उजेडात पाहिलं. तरी सहा ठिकाणं पूर्ण केल्याचा मला केवढा अभिमान!

चहाचा कप माझ्या हातात देत काकू म्हणाल्या, ‘‘रागावू नकोस, पण त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घरून नेलेली बाटली भरलेलीच परत आणली. पाणी प्यायलं की जावं लागतं आणि जायचं कुठं? जिथं सोय होती तिथं तू थांबू देईनास, जिथं थांबलो तिथं सोय नव्हती. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबवून आणि पाणी न पिऊन इन्फेक्शन झालंय. चिरंजीवांनी फर्मान काढलं, ‘आई, या वयात कशाला असल्या ट्रिपा?’ मला त्याच्याशी वादही घालता येईना. काय कारण सांगणार मुलाला?’’

मी गप्प झाले. काकू माझी समजूत काढत असल्यासारख्या म्हणाल्या, ‘‘तुझी चूक नाही गं. हे कुणी बोलतच नाही. पण आता मला कुणी सहलीचं विचारलं ना, की मी मनात म्हणते, देऊळ नंतर सांग, आधी बाथरूम कुठाय ते सांग.’’

त्या रात्री मी वही उघडली आणि एकेकीला फोन केला. आडून आडून न विचारता सरळच विचारलं. एक जण म्हणाली, ‘‘मी सहलीच्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडते.’’ दुसरीला पाळीच्या तारखेची धास्ती होती, म्हणून ती नावच देत नव्हती. तिसरीला डायबेटिस. तिला दर दीड तासाला उतरावं लागतं आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा’ नको म्हणून ती लग्नालासुद्धा बसनं जात नाही. पस्तिशीपासून सत्तरीपर्यंत, सगळ्यांचं दुखणं एकच. इतकी वर्षं एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसून आम्ही भेंड्या खेळलो, साड्यांच्या किमती सांगितल्या. हे मात्र एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं.

मग ठरवलं, या वेळी सहल उलटीकडून आखायची. शेजारच्या वहिनींना घेऊन मी एका मंगळवारी एसटीनं वाईला गेले. पुण्यापासून वाई साधारण नव्वद किलोमीटर. वाटेतले कुठले पेट्रोल पंप बायकांना स्वच्छतागृह उघडून देतात, कुठे किल्ली मागावी लागते, कुठे आत नळाला पाणीच नाही, हे सगळं लिहून काढलं. वाईत जेवण घरगुती खानावळीत ठरवलं. तिथल्या बाईंनी आधी संडास-बाथरूम दाखवलं आणि मग मेनू विचारला, तेव्हाच मी ॲडव्हान्स देऊन टाकला. ठिकाणं ठेवली फक्त तीन : वाई, मेणवली आणि लिंब. बस दर दीड तासाला थांबेल, कुणी विचारो न विचारो. म्हणजे ‘माझ्यासाठी थांबवा’ असं म्हणायची पाळी कुणावरच यायला नको.

ते वेळापत्रक काकूंच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, ‘‘खिडकीची जागा दे.’’

जानेवारीतली थंडी. खंबाटकी घाट चढून उतरलो, सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि थोड्याच वेळात कृष्णाकाठचा ढोल्या गणपती समोर. एका अखंड दगडातली ती मूर्ती एवढी मोठी, की नाव सार्थच आहे. पण या वेळी दर्शन झाल्यावर पळायचं नव्हतं. म्हणून आम्ही देवळाच्या मागच्या बाजूला गेलो. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पूर आला की पाणी तिथं दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, ही युक्ती. देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. याच रास्ते घराण्याची लेक म्हणजे गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची पत्नी. देऊळ झालं, त्याच्या आदल्याच वर्षी पानिपतावर तिचा थोरला विश्वासराव गेला आणि पाठोपाठ नवराही. पुढे १७७२ मध्ये माधवराव आजारानं गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलांचे मृत्यू पाहून ती बाई १७८८ पर्यंत जगली. शाळेत आपण या सनावळ्या पाठ केल्या, पण त्या एका आईच्या आयुष्यातल्या म्हणून कधी वाचल्या नव्हत्या. घाटाच्या पायरीवर बसून हे बोलणं झालं, तेव्हा आमच्यातली सर्वांत बडबडी मैत्रीणसुद्धा थोडा वेळ नदीकडे बघत राहिली.

तिथून मेणवली जवळच. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आधी विचारून ठेवलं होतं. एकात एक सहा चौक, जाड लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रं. इतिहासाचे अभ्यासक ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात, ते कागद याच वाड्यातले. आम्हा बायकांचं लक्ष मात्र कोनाड्यांकडे आणि अंधाऱ्या जिन्यांकडे. ‘‘एवढ्या मोठ्या वाड्याला सारवायला किती बायका लागत असतील?’’ एकीनं विचारलं आणि सगळ्या खो खो हसलो. नानांच्या पश्चात त्यांची पत्नी जिऊबाई इथं राहिली. नाना १८०० साली गेले, तेव्हा ती अगदीच लहान होती. वाड्यातून मागच्या दारानं घाटावर उतरताना वाटलं, या पायऱ्यांवर ती पोर कुणाशी खेळली असेल?

घाटावर मेणेश्वराजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथून आलेली ही पोर्तुगीजांची घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ‘स्वदेस’ सिनेमा इथंच चित्रित झाला होता, हे कळल्यावर तरुण मुलींनी शाहरुख कुठं उभा होता ते शोधायला सुरुवात केली. काकू घंटेखाली उभ्या राहून मेरीकडे निरखून बघत म्हणाल्या, ‘‘किती लांबून आली बिचारी! पण इथं नांदली हो छान.’’

खानावळीत पिठलं, भाकरी, भरीत, ठेचा असं पोटभर जेवण झालं. वाईच्या बाजारातून प्रत्येकीनं हळद घेतली. आणि पाचवडवरून हायवेला लागून आम्ही लिंब गावी पोचलो.

इथली बारा मोटेची विहीर बघायची, एवढंच मी सांगितलं होतं. ‘‘विहीर काय बघायची? माहेरी परसात होती की,’’ असं कुणीतरी पुटपुटलंही. पण काठावर गेल्यावर सगळ्यांचे आवाज बंद. अष्टकोनी दगडी विहीर, खोली ११० फूट, व्यास ५० फूट. रुंद पायऱ्यांनी खाली उतरत जावं, तर विहिरीच्या पोटातच कोरीव खांबांचा चक्क महाल. बारा मोटा एकाच वेळी चालायच्या, म्हणून हे नाव. हे पाणी जायचं आमराईला. आणि ही विहीर बांधून घेतली ती एका बाईनं. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी. आपल्याकडे विहिरीवरची कामं जन्मभर बायकांच्या वाट्याला आली. पण पाणी भरणाऱ्या बाईच्या मागे उभं राहून विहिरीचा हुकूम देणारी बाई आम्हाला पहिल्यांदाच भेटत होती.

एक अडचण मात्र होतीच. गावात आमच्या तीस जणींसाठी सोय कुठं असणार? ती मंगळवारच्या फेरीतच सुटली होती. विहिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घरातल्या ताई म्हणाल्या होत्या, ‘‘आमच्याकडंच या की. बायकांनीच बायकांची सोय बघायची.’’ त्यांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या, साबण नवा काढला होता. आम्ही दिलेले पैसे काही केल्या घेईनात. शेवटी त्यांच्या मुलीच्या हातात खाऊ म्हणून ठेवले आणि त्यांची ओटी भरली.

गुडघे धरून, माझा हात धरून काकू एकेक पायरी उतरल्या. वर फोटो काढणाऱ्यांचा गलका चालला होता. आत महालात गारवा होता आणि खालून पाण्याचा वास येत होता. काकू खांबाला टेकून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘मुलाला सांगेन आता. कारण काय होतं तेही सांगेन. सुनेला पण सांगायला हवं, तीसुद्धा ऑफिसच्या बसमध्ये पाणी पीत नसेल.’’

मैत्रिणींनो, तुमच्या भिशीची, मंडळाची, भजनी ग्रुपची सहल ठरत असेल तर एवढंच सांगेन. एका दिवसात तीनच्या वर ठिकाणं ठेवू नका. कुणीतरी दोघी आधी जाऊन बघून या. बस थांबण्याच्या वेळा आधीच ठरवा, म्हणजे कुणाला हात वर करावा लागणार नाही. बॅगेत एक जादा पॅड, कागदी साबण आणि टॉर्च असू द्या. गुडघेवालीला घाई करू नका, तिला खालपर्यंत न्या. गावं कुठं पळून जात नाहीत, दोनशे-तीनशे वर्षं तिथंच आहेत.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. भेंड्या रंगात आल्या होत्या. तेवढ्यात खिडकीच्या सीटवरून काकूंचा आवाज आला, ‘‘अगं, पाणी आहे का गं कुणाकडे? माझी बाटली संपली.’’