पडद्याआड निघाला मेणाचा पुतळा!

रहस्यकथेने वाचकाची उत्सुकता ताणली, तर शेवटी तिचे मोलही चुकवायला हवे. ॲन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या १७९४ सालच्या इंग्रजी कादंबरीत नेमके हेच घडत नाही. कथा १५८४ सालची. अनाथ एमिलीची प्रियकराशी ताटातूट होते. आत्याचा नवरा मोंतोनी तिला आपल्या इटलीतील भयाण किल्ल्यात नेतो. तिथे एक काळा पडदा उचलताच ती बेशुद्ध पडते. पडद्याआड काय होते, हे शेकडो पाने कळतच नाही. अखेर उलगडा होतो, तो प्रेतासारख्या दिसणाऱ्या मेणाच्या पुतळ्याचा! डोंगर पोखरून उंदीर काढावा, तसा हा प्रकार.

पण खरी भीती पडद्याआड नव्हतीच. मिळकत नावावर करून द्यावी, म्हणून मोंतोनी बायकोचा छळ करतो. ती नमत नाही. त्याच्या कैदेत आजारी पडून ती किल्ल्यातच प्राण सोडते. मग तोच तगादा एमिलीमागे लागतो. पुतळा विसरला जातो. सहीसाठी पुढे केलेला तो कागद मात्र आजही अंगावर काटा आणतो.