मुलग्याची गोटी खाली उतरली आहे ना?



बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज सगळं आपण मोकळेपणी बोलतो. मुलग्याच्या नाजूक जागेचं काही असलं, की मात्र बैठक संपल्यावर जिन्यात हळूच विचारतो. म्हणून इथे लिहितेय.

बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या दोन्ही गोट्या, म्हणजे वृषण, त्याच्या पोटात तयार होतात आणि जन्माआधी खालच्या पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण तिघांची एखादी गोटी जन्मताना उतरलेली नसते. कमी दिवसांच्या बाळांत प्रमाण बरंच जास्त. पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांची आपोआप उतरते. ६ महिन्यांनंतर मात्र ती आशा फार कमी. "मोठा झाला की उतरेल," असं सासूबाईंनी कितीही मायेनं सांगितलं तरी थांबू नका. तेल-मालिशनेही ती खाली येत नाही. आणि गरोदरपणी आईनं अमुक खाल्लं म्हणून हे होतं, असंही नाही.

ती पिशवी अंगाबाहेर असते, कारण तिथे पोटापेक्षा उष्णता कमी असते. गोटी पोटाच्या उबेत राहिली की हळूहळू खराब होते. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, कॅन्सरचा धोकाही वाढतो. म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घेतलेलं बरं. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी येतात.

कोमट पाण्याने आंघोळ घालताना, हात गरम करून, हलकेच बघा. थंडीने वर जाऊन उबेत परत खाली येते, तर बहुधा घाबरायचं कारण नाही. तरी दरवर्षी तपासून घ्या, काहींची नंतर वरच राहते. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचं पथक आलं की पोरं चड्डी घट्ट धरून उभी राहतात! तेव्हा आपणच ताईंच्या कानावर घाला.

केबिन रोडच्या तायांनी आधी भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात दाखवावं आणि लहान मुलांच्या सर्जनसाठी चिठ्ठी मागावी. परळचं वाडिया रुग्णालय खास मुलांचंच आहे. सोनोग्राफीवर आधीच पैसे घालू नका. डॉक्टरांनी हाताने तपासणं जास्त महत्त्वाचं.

मुलगा आठ-दहा वर्षांचा झालाय? तरी न्या.

आणि कुठल्याही वयाच्या मुलाच्या गोटीत किंवा जांघेत अचानक जोराची कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. गोटीला पीळ पडलेला असेल तर ६ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं.