पेज प्या, पेडवे खा, तिवळ मागा

वजन उतरवायचं ठरलं की घरात पहिली गदा येते भातावर, दुसरी नारळावर. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर या दोन गोष्टी काढल्या तर ताटात उरणार काय? खरं तर उरतं पुष्कळ. वजन आटोक्यात ठेवणारे किती तरी पदार्थ सिंधुदुर्गातल्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहेत. त्यातलं काय उचलायचं आणि कुठे हात आखडायचा, ते पाहू.

पेजेतलं पाणी

उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला खारातली मिरची, ही शेतावर जाणाऱ्याची न्याहारी. एका माणसाच्या पेजेला 30 ग्रॅम तांदूळ पुरतात. म्हणजे जेमतेम 105 कॅलरी, बाकी सगळं पाणी. पण पोट मात्र तासन्‌तास शांत राहतं.

त्याचं कारण 1999 मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात दिसलं. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 24 स्त्रियांना जेवणाआधी कोंबडी आणि भाताचा एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी तीन तऱ्हांनी दिला. एकदा नुसता, एकदा सोबत पेलाभर पाणी देऊन आणि एकदा तेच पाणी आत घालून त्याचं सूप करून. सूप प्यायल्यावर पुढच्या जेवणात त्यांनी लक्षणीय कमी खाल्लं. पाणी वेगळं प्यायल्यावर तसा फरक पडला नाही. पाणी अन्नात शिजलेलं असलं की भूक भागते. आपली पेज नेमकी तशीच आहे.

तांदूळ उकडाच का? भात सालासकट उकडताना कोंड्यातलं ब1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे पुढे कांडताना ते सगळं वाया जात नाही. पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा रक्तातली साखरही सहसा सावकाश चढते.

शिळ्या भाताचा मान

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंडोनेशियन अभ्यासात भात शिजवून 24 तास फ्रिजमध्ये ठेवला आणि पुन्हा गरम केला. न पचता पुढे जाणारा स्टार्च 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅमवरून 1.65 ग्रॅमवर गेला आणि खाणाऱ्यांच्या रक्तातली साखर ताज्या भातापेक्षा कमी वाढली. म्हणून फोडणीच्या भाताला नाकं मुरडू नका, फक्त त्यात तेल बेताचं घाला. भात निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा. कोकणातल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो.

पापलेटला मान, पण बांगडाही तोडीचा

2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मान मिळाला, भाव तर आधीपासून होताच. पण प्रथिनांसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. 100 ग्रॅम बांगड्यात 19 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि बांगडा, तारले, पेडवे हे तेलकट मासे ओमेगा-3 मेदाम्लांनी भरलेले असतात. रापणीला पेडवे उदंड लागले की पूर्वी ते माडांना खत म्हणून घालत. आज आहारतज्ज्ञ ज्या माशाची शिफारस करतात, तो इथे झाडाच्या बुंध्याशी पडायचा!

प्रथिनं पोटात जास्त वेळ टिकतात, त्यामुळे दुपारी चारला डबा उघडायची घाई होत नाही. अट एकच, मासा कसा शिजवलाय ते बघायचं. रवा लावून तळला की तेल पितो, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. त्याऐवजी बांगड्याचं तिखलं करा. मिरची, हळद, कोकम, तिरफळं, वाटणाला नारळ नाही. चवीला कुठल्याही कालवणाला मागे टाकेल असं आणि पोटाला हलकं. माझं मत विचाराल तर मालवणी जेवणातला हा सर्वांत दुर्लक्षित पदार्थ आहे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. मग कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, टाकळा आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी. कुळथात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात. गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, काळे वाटाणे आणि आंबोळी एका पानात येतात. पाला, कडधान्य आणि आंबवलेलं पीठ अशी ती जोडणी आहे, आणि ती वर्षातून एकदाच का करायची? सुक्या माशांकडे मात्र मिठाच्या हिशोबाने बघा. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं भारतीयांसाठीची 2024 ची आहार मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि खाऱ्या बांगड्याच्या एका तुकड्याने त्यातला बराच वाटा संपतो.

कोकमाची गोळी की कोकमाचं पाणी?

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. त्याच्या जिवावर ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांचा जगभर मोठा बाजार उभा राहिला. त्या बहुतेक कोकमाच्या दक्षिणेकडच्या भावाच्या, गार्सिनिया कॅम्बोजियाच्या अर्काच्या असतात. 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर त्याची 12 आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना हे आम्ल, निम्म्यांना बनावट गोळी. वजनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पैसे वाचवा.

कोकम मात्र सोडू नका, त्याचं पाणी प्या. सोलकढी सुंदर, पण तिच्यात नारळाचा रस आहे, आणि घट्ट रसात 100 मिलिलिटरमागे 200 कॅलरींच्या घरात ऊर्जा असते. दुसरी, तिसरी वाटी मागताना हे आठवावं. तिची सडपातळ बहीण म्हणजे तिवळ. कोकमाचं आगळ (खारवलेला रस), पाणी, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमटीभर हिंग. कॅलरी जवळपास नाहीतच. बाटलीतलं गोड कोकम सरबत हा निराळा प्रकार, त्यात साखरेचा पाक असतो. घ्यायचं तर आगळ घ्या, आणि रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ लक्षात ठेवा.

काजूवरचा आळ

काजूने माणूस सुटतो, असं सगळे म्हणतात. 2019 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना काजू खाऊ घालून प्रत्यक्ष मोजलं. 28 ग्रॅम काजूंवर 163 कॅलरी छापलेल्या असतात, पण शरीराच्या पदरात 137 पडतात. उरलेलं तेल दाण्याच्या पेशींत अडकून पचल्याशिवाय बाहेर जातं. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, आता निम्मी निर्दोष मुक्तताही मिळाली. निम्मीच, कारण मूठभर काजू चालतात, गप्पांच्या ओघात संपलेली पिशवी नाही. वाटीत मोजून घ्या आणि डबा फडताळात परत ठेवा. मीठ-मसाला लावलेले, तळलेले काजू नकोतच.

मधल्या वेळेला आणखी काय? उकडलेल्या आठळ्या, शहाळं, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, लाल गावठी पोहे. जत्रेतलं खाजं बेसनाचं खरं, पण ते तळून गुळाच्या पाकात घोळवलेलं असतं. ते आंगणेवाडीच्या जत्रेत मनापासून खावं आणि तिथेच थांबावं. पुडा बांधून घरी आणला की तो आठवडाभर चहासोबत निघतो.

खरा शत्रू रंगीत पाकिटात आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मेद, तंतू सारखेच होते, हवं तितकं खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर माणसं दिवसाला 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत वजन 0.9 किलोने वाढलं. गावागावातल्या दुकानांत दारावर लटकणाऱ्या कुरकुरीत माळा पाहिल्या की मला पोरांची काळजी वाटते. तिथेच कोपऱ्यात शेंगदाणे आणि कुरमुरेही असतात, ते मागा.

काटा सगळं सांगत नाही

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपण बारीक दिसूनही आतून चरबी साठवतो. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय 25 वर नसून 23 वर ओढली आहे. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. मधुमेहाची औषधं चालू असतील तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि मालवणला खानावळीत बसाल तेव्हा सोलकढीची एक वाटी झाली की पुढची तिवळ मागा, सुरमई फ्रायऐवजी बांगड्याचं तिखलं आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ते पाटीवर लिहिलेलं नसतं. चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर पुढच्या मोसमात ते लिहिलं जाईल.