होडी गेल्यावर: विमा, पंचनामा आणि ऐकीव गोष्टी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा हर्णैच्या माझ्या मामांची होडी पाण्यात नव्हतीच. पावसाळी मासेमारीबंदीसाठी ती वर ओढून शाकारून ठेवली होती. शीड घडी घालून माळ्यावर गेलं होतं, डोलकाठी पडवीला टेकवली होती. तरी ती गेली. पाणी चढलं, होडी उचलली गेली आणि शेजारच्या ट्रॉलरवर आपटली. पठाण, म्हणजे होडीचा कणा, मधोमध मोडला. लांबून वाटायचं, नुसती कलली आहे. जवळ गेलं की भेगेतून पलीकडची वाळू दिसायची.

पुढचे कित्येक महिने मी मामांबरोबर कागदांची पिशवी घेऊन फिरले. बंदरावर प्रत्येक जण मायेने सल्ला द्यायचा आणि त्यातले बरेचसे सल्ले चुकीचे निघाले. दुःखात माणूस आधी जवळच्यांचं ऐकतो, आणि दाव्याचं भवितव्य बहुतेक वेळा त्याच पहिल्या आठवड्यात ठरतं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलंच वाक्य कानावर आलं ते असं: ‘होडी जमिनीवर होती, मग समुद्राचा विमा कसा लागणार?’ होडीची पॉलिसी साधारणपणे वर्षभराची असते. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होडीचं नुकसान तीत धरलं आहे की नाही, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. अनेक पॉलिसींमध्ये तर बंदीच्या काळात होडी समुद्रात न्यायची नाही, अशीच अट असते. म्हणजे वर ओढलेली होडी ही अट पाळल्याचा पुरावा ठरते. मामांच्या पॉलिसीत किनाऱ्यावरच्या मुक्कामाचा उल्लेख तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होता. घरात ते पान तोवर कुणी वाचलं नव्हतं.

दुसरा गैरसमज सरकारी पंचनाम्याचा. तलाठी आले, मत्स्य विभागाची माणसं आली, सह्या झाल्या आणि सगळ्यांना वाटलं, विम्याचं काम झालं. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला १५,००० रुपये आहेत, पूर्ण गेलेल्या जाळ्याला ४,०००. विमा कंपनीला वेगळं कळवावं लागतं आणि तिचा परवानाधारक सर्व्हेयर वेगळा येतो. पंचनाम्याची प्रत मात्र दाव्याला जोडावी, कारण वादळ आलं आणि होडी त्याच दिवशी मोडली, याचा तो तटस्थ पुरावा असतो. अशीच गल्लत मच्छीमारांच्या अपघात विम्याची होते. मत्स्यसंपदा योजनेतला ५ लाखांचा विमा माणसाच्या मृत्यूचा किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाचा आहे, होडीचा नाही.

आता सर्वात घातक सल्ल्यांकडे येते. एकाने सांगितलं, ‘सर्व्हेयर येईपर्यंत काडीलाही हात लावू नका.’ दुसऱ्याने सांगितलं, ‘भंगारवाला ४० हजार देतोय, आजच द्या, उद्या तेही जातील.’ हे सल्ले एकमेकांच्या उलटे आहेत आणि दोन्ही चूक आहेत. १९६३च्या सागरी विमा कायद्यानुसार नुकसान वाढू नये म्हणून शक्य ते करणं हे विमाधारकाचं कर्तव्यच आहे. भरतीत इंजिन खारं पाणी पीत पडलं असेल तर ते काढायलाच हवं, आणि पॉलिसीत तसं कलम असेल तर असा वाजवी खर्च दाव्याच्या रकमेहून वेगळा मिळू शकतो. पण आधी फोटो काढायचे, मजुरीच्या पावत्या घ्यायच्या आणि काढलेली वस्तू जपून ठेवायची. विकायची नाही. पूर्ण नुकसानीचे पैसे दिल्यावर अवशेषांवर हक्क सांगता येतो तो कंपनीला. सर्व्हेआधी इंजिन विकलं तर काय होतं नि काय उरलं, हे सिद्ध करायचं कशाने? आम्ही इंजिनावरचा चिखल नाण्याने खरवडला, खालचा नंबर ओल्या फडक्याने पुसला आणि नोंदणीच्या कागदाशेजारी धरून फोटो काढला. पुढे सगळ्या फाइलीत त्या एका फोटोचा उपयोग सर्वाधिक झाला.

‘होडी बुडाली तरच पूर्ण नुकसान’ हा समज तर कंपनीच्या कार्यालयातही ऐकायला मिळाला. होडी डोळ्यांसमोर आहे, मग दुरुस्तीपुरते पैसे घ्या, असं त्यांचं म्हणणं. कायदा पूर्ण नुकसानीचे दोन प्रकार मानतो. एकात होडी नष्टच होते किंवा परत मिळण्याची आशाच उरत नाही. दुसऱ्यात होडी समोर असते, पण दुरुस्त करायला जेवढा खर्च येईल तेवढी दुरुस्तीनंतर तिची किंमतच नसते. मामांच्या होडीची ठरलेली किंमत ६ लाख होती. गावच्या सुताराने पठाण, फासळ्या आणि फळ्या एकेक मोजून सव्वासात लाखांचा अंदाज लिहून दिला. या दुसऱ्या प्रकारात एक पाऊल विसरून चालत नाही. होडी आम्ही तुमच्या स्वाधीन करतो आहोत, असं कंपनीला स्पष्ट आणि वेळेत कळवावं लागतं. ते कळवलं नाही तर दावा अंशतः नुकसानीचाच धरला जातो. कंपनीने ती सूचना नाकारली तरी आपला हक्क जात नाही, आणि ती गप्प बसली याचा अर्थ तिने मान्य केलं असाही होत नाही. ही सूचना लेखी द्या, पोच घ्या.

स्वाधीन करणं आणि वादळात जीव वाचवण्यासाठी होडी सोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मालकाने बोट सोडली म्हणजे हक्क सोडला’ हे बंदरावर अगदी ठामपणे बोललं जातं. उदाहरण घ्या: २०१८च्या गोल्डन ग्लोब या नौकांच्या शर्यतीत दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली शिडाची नौका दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली आणि तिची डोलकाठी मोडली. पाठीला जबर मार लागलेल्या टॉमींना तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने उचललं. नौका मागे राहिली. जीव वाचवण्यासाठी बोट सोडणारा माणूस निष्काळजी ठरत नाही. नुकसान झालं ते वादळाने. दावा बुडतो तो मुद्दाम केलेल्या कृत्याने. नेहमीची झीज आणि लाकूड पोखरणारे किडे यांचं नुकसानही सहसा धरलं जात नाही. वर्षाच्या पॉलिसीत, होडी समुद्रात नेण्याच्या लायकीची नाही हे ठाऊक असताना ती मालकाने पाठवली आणि त्याच दोषामुळे ती गेली, तरीही पैसे मिळत नाहीत. म्हणून डागडुजीची बिलं फेकू नयेत.

आणि जी परतच येत नाही तिचं काय? नोव्हेंबर २००९च्या फयान वादळानंतर कोकणातल्या अनेक घरांनी वाट पाहिली. ‘सात वर्षं थांबावं लागतं’ हे तेव्हापासून रूढ झालेलं वाक्य मी आजही ऐकते. सात वर्षांचा नियम बेपत्ता माणसासाठी, पुराव्याच्या कायद्यात आहे. बेपत्ता नौकेसाठी सागरी विमा कायदा म्हणतो की वाजवी काळ लोटूनही काही खबर नसेल तर ती पूर्ण गेली असं मानता येईल. दावा लगेच नोंदवता येतो.

आम्हाला उशीर झाला होता. वादळानंतर वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, त्यात कोरोनाचे निर्बंध. कंपनीला खबर दिली ती नवव्या दिवशी, आणि पहिलं उत्तर आलं, ‘विलंबामुळे दावा विचारात घेता येत नाही.’ मामांनी ते पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि दोन दिवस त्याबद्दल बोललेच नाहीत. उशीर झाला की सगळं संपलं, असंच सगळे मानतात. पण विमा नियामकाने सप्टेंबर २०११च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावलं आहे की उशीर टाळता येण्यासारखा नव्हता तर केवळ त्या कारणाने खरा दावा फेटाळू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये वाहनचोरीच्या एका प्रकरणात हेच धोरण उचलून धरलं. आम्ही वीज नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडून परत लिहिलं आणि फाइल पुन्हा उघडली.

रकमेबद्दल थोडक्यात. पॉलिसीत किंमत ठरवून लिहिलेली असेल तर फसवणूक नसेपर्यंत तीच धरली जाते. बाजारात काय मिळालं असतं, हा वाद कंपनीला घालता येत नाही. मात्र पॉलिसीत मालकाने सोसायचा वाटा लिहिलेला असतो, आणि काही पॉलिसी फक्त पूर्ण नुकसानीच्याच असतात, अर्ध्या मोडतोडीला त्यात काही नाही. ‘बोटीबरोबर कर्जही बुडालं’ हेही खरं नाही. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर पैसा आधी तिथे वळता होतो.

सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो शेवटचा शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही झाली असली तरी ती दबावाने किंवा फसवून घेतली असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, असंही १९९९चा निकाल सांगतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही ते दार उघडं आहे, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची.

एक गैरसमज कुठल्याच कार्यालयात सुटत नाही. ‘माणसं वाचली ना, लाकडासाठी काय रडायचं?’ सांत्वनाला आलेला प्रत्येक जण हे म्हणायचा, आणि ते ऐकून मामा आणखी गप्प व्हायचे. होडीला नाव असतं, तिची पूजा होते, तिच्यावर चार खलाशांची घरं चालतात. ती गेली की माणसाचा पहाटेचा उठण्याचा वेळसुद्धा जातो. वारा वाढला की मामा रात्री उठून दाराशी बसायचे, आणि सर्व्हेयरसमोर होडीचं वय सांगताना त्यांचा आवाज फुटला. अशा माणसाला कागदपत्रांच्या कामाला एकटं पाठवू नये. झोप उडणं, भूक मरणं आठवड्यांमागून आठवडे चाललं तर बोलायला माणूस हवा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली, वादळाला बरोबर दोन महिने होत होते. दावा तेव्हा कंपनीच्या टेबलावर पडून होता. मामा पुतण्याच्या बोटीवर जायला तयार झाले. नारळ वाहून झाल्यावर त्यांनी त्याच्याकडे आधी पॉलिसी मागितली आणि नाळेपाशी बसून तिसरं पान काढलं.