उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रयोगशाळेचे दार

परवा विहारात एक मुलगी भेटली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. आई पुण्यात कचरा वेचते. उन्हाळ्यात काय करणार, असे विचारले तर म्हणाली, "काका, लग्नसराईत केटरिंगला जाते. वर्षाची पुस्तके आणि बसभाडे त्यातूनच निघते." पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तिच्या वस्तीपासून बसने तासाभराच्या अंतरावर आहे. १९५० पासून ती तिथे उभी आहे. पॉलिमर विज्ञानात तिचे मोठे नाव आहे. देशभरातले विद्यार्थी सुट्टीत तिथे संशोधन शिकायला येतात. हे त्या मुलीला ठाऊकच नव्हते. तिच्या महाविद्यालयातही कुणी सांगितले नव्हते.

पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांबच लांब साखळी. प्लास्टिक, रबर, नायलॉन, कापूस हे सारे पॉलिमरच. या मुलीची आई बाटली हातात घेताच ओळखते, पाण्याची वेगळी, शाम्पूची वेगळी, दुधाची पिशवी आणखी वेगळी. कारण भंगाराच्या दुकानात प्रत्येकीचा भाव वेगळा. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांनाच पीईटी, एचडीपीई, एलडीपीई म्हणतात. आईला माल ओळखता येतो, पण त्याचे शास्त्र तिच्यापर्यंत कुणी पोहोचू दिले नाही.

हे आजचे नाही. ढोर समाजाने पिढ्यान् पिढ्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडी कमावली. कातड्यातले कोलॅजेन हेही पॉलिमरच. साल आणि हिरड्यातले टॅनिन त्या साखळ्यांना बांधून ठेवते, म्हणून कमावलेले चामडे लवकर कुजत नाही. हे रसायनशास्त्र ज्यांच्या हातात होते त्यांना व्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवले. पुढे १९४८ मध्ये मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था निघाली आणि त्याच चामड्यावर लोक डॉक्टरेट मिळवू लागले. जातीने लादलेल्या कामाचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. राबणारे हात आमचे आणि पदवी दुसऱ्याची, ही वाटणी किती दिवस चालणार, एवढाच सवाल आहे.

उन्हाळी संशोधनात असते तरी काय? महाविद्यालयातल्या प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठरलेले असते. जर्नल उतरवायचे, सही घ्यायची, संपले. प्रयोगशाळेत उत्तर कुणालाच माहीत नसते. आधी शोधनिबंध वाचायचे. मग स्टायरीनसारखे द्रव्य शुद्ध करायचे, नायट्रोजन सोडून भांड्यातला ऑक्सिजन घालवायचा, नाहीतर साखळी वाढतच नाही. तयार झालेले पॉलिमर मिथेनॉलमध्ये ओतले की पांढरा साका बसतो. तो वाळवायचा, साखळी किती लांब झाली ते मोजायचे, किती तापमानाला मऊ होते ते पाहायचे. प्रयोग फसला तर का फसला ते शोधायचे. 'असे का?' हा प्रश्न विचारण्याचा हक्क ज्या समाजाला हजारो वर्षे नाकारला गेला, त्याच्या मुलांसाठी हे शिक्षण लाखमोलाचे आहे. पुढे पीएच.डी.ला किंवा परदेशी विद्यापीठात अर्ज करताना हाच अनुभव विचारला जातो.

मग आपली मुले तिथे कमी का पोहोचतात? पहिले कारण माहितीचे. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी महिने आधी भरावे लागतात. मे महिन्यात जागे होणाऱ्याला दार बंदच दिसते. दुसरे कारण शिफारसपत्राचे. प्रवेशाला आरक्षण आहे, शिफारसपत्राला नाही. या मुलीने पत्र मागितले तर एक प्राध्यापक म्हणाले, "तुम्हाला सरकारी स्कॉलरशिप मिळतेच की!" तिसरे कारण पोटाचे. काही ठिकाणी विद्यावेतन मिळते, काही ठिकाणी छदामही नाही. मिळते तिथेही खोलीभाडे आणि खानावळ आधी खिशातून भरावी लागते. ज्या घरात सुट्टी म्हणजे कमाईचे दिवस, तिथली पोर दोन महिने बिनपगारी कशी राहील? गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या हव्यात, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः वकील आणि अर्थतज्ज्ञ असलेला माणूस हे सांगत होता! आपण मात्र स्पर्धा परीक्षेच्या वर्गाशिवाय दुसरा रस्ता मुलांना दाखवत नाही.

सरकारकडे मागण्या करूच, पण घरातले कामही आपले आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे अशा शिष्यवृत्त्यांची माहितीपत्रके मराठीतून का वाटू नयेत? जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला तर एका मुलीची दोन महिन्यांची खानावळ निघते. आपल्यातून शिकून प्राध्यापक, शास्त्रज्ञ झालेल्यांनी वर्षाला दोन मुलांचे अर्ज तपासावेत, हक्काने शिफारसपत्र द्यावे. समाजाचे ऋण फेडायला यापेक्षा सोपा मार्ग कोणता?

इथिलीन हा साधा वायू, हवेत विरून जाणारा. त्याचेच रेणू हजारोंनी जोडले गेले की न तुटणारी दोरी होते. 'संघटित व्हा' याचा अर्थ प्रयोगशाळेतही हाच आहे. त्या मुलीचा अर्ज विहारातल्या तरुणांनी पुढच्या वर्षासाठी हाती घेतला आहे. तुमच्या वस्तीतल्या मुलीचा अर्ज कोण भरणार?

जयभीम!