इंजिनांचे वर्ग : संज्ञा आणि मर्यादा

शर्यतीतील वर्ग हे केवळ नाव नव्हे. ती एक व्याख्या होय. बैलगाडा शर्यतीत दोन दातांचा तो ‘दुसा’, चार दातांचा तो ‘चौसा’. यांत्रिक नौकांत हेच कार्य इंजिनाचे घनमान वा अश्वशक्ती करते. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या शर्यतीत सर्व नौका एकाच बनावटीच्या, २५० अश्वशक्तीच्या होत्या. साहजिकच कसोटी चालकाच्या कौशल्याची लागली. हौशी मंडळांत जुनी टू-स्ट्रोक इंजिने दुर्मिळ झाली, की फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी नवा वर्ग निर्माण करणे भाग पडते. परंतु वर्ग वाढले म्हणजे मोजके स्पर्धक विभागले जातात, आणि एकट्या नौकेच्या विजयाला अर्थ उरत नाही. भाषेतही प्रतियोगी पद नसेल, तर भेद टिकत नाही.